पक्ष शेजारी राहत होता तेव्हा

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात एलियट नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. तिचं स्वतःचं कोर्टहाऊस असतं, शेरीफ असतो, रस्त्यांचं खातं असतं, आणि ही सगळी पदं लोक मतदानाने भरतात. केंटकीत अशा १२० काउंट्या आहेत, देशभरात तीन हजारांवर. एलियटची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. मुख्य ठिकाण सँडी हुक.

ही काउंटी १८६९ साली तयार झाली. १८७२ मध्ये तिने पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडायला मतदान केलं आणि कौल दिला डेमोक्रॅट पक्षाला. ती धरून २०१२ पर्यंत ३६ निवडणुका झाल्या, एकदाही तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला नाही. निक्सन १९७२ मध्ये आणि रेगन १९८४ मध्ये पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकले, तरी एलियट जागची हलली नाही. वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची, तरी २००८ मध्ये ओबामांना तिथे ६१ टक्के मतं पडली. २००४ मध्ये डेमोक्रॅट जॉन केरींना सुमारे ७० टक्के पडली होती. आणि २०१६ मध्ये तितकीच, ७० टक्के, ट्रम्प यांना पडली. बारा वर्षांत सगळं उलटंपालटं झालं.

मी बरीच वर्षं केंटकीत राहतो, इथे मत देतो. आपल्या लोकांच्या बैठकीत या भागाचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. २०१६ च्या आधीचं सांगताना म्हणतात, आजा-पणजा ज्याला मत देत आला त्याला हे डोळे मिटून देतात. त्यानंतरचं सांगताना म्हणतात, यांची डोकी फिरली. दोन्ही वेळा गृहीत एकच, की या माणसांनी विचार केला नाही. मला हे मुळातून चुकीचं वाटतं, आणि ऐकताना वाईटही वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेल्या निष्ठेमागे काहीतरी व्यवहार असतो, देणं-घेणं असतं, चेहरे असतात. ते सगळं संपल्यावर निष्ठा संपली. मला काळजी वाटते ती आत्ता घडत असलेल्या निष्ठांची, कारण त्यांच्या मुळाशी चेहरेच नाहीत.

सुरुवात यादवी युद्धापासून करावी लागते. अमेरिकेतल्या पक्षांच्या जुन्या गढ्या बहुतेक १८६१ ते १८६५ या चार वर्षांत बांधल्या गेल्या. ८ जून १८६१ रोजी टेनेसी राज्याने संघराज्यातून फुटून निघायचा कौल दिला, पण त्याच राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्याने ठाम नकार दिला. तिथे मळे नव्हते, गुलाम फारसे नव्हते, आणि मळेवाल्यांसाठी मरायची इच्छाही नव्हती. सेव्हियर काउंटीत फुटीच्या विरोधात १,५२८ मतं पडली, बाजूने ६०. स्कॉट काउंटीत ५४१ विरुद्ध १९. स्कॉटवाले त्याहून पुढे गेले. टेनेसीला देश सोडता येतो तर आम्हाला टेनेसी सोडता येईल, असा ठराव करून त्यांनी स्वतःचं ‘स्वतंत्र राज्य’ जाहीर केलं. तो ठराव रीतसर मागे घेतला गेला १९८६ मध्ये. सव्वाशे वर्षं कुणाला तो मागे घ्यावासा वाटला नाही, यातच त्या भागाच्या मनाचा अंदाज येतो. ज्यांच्या घरावर बंडखोरांच्या टोळ्या चालून आल्या, ज्यांचे काका-मामा लपून डोंगर ओलांडून रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या सैन्यात गेले, त्यांच्यासाठी रिपब्लिकन हा शब्द त्या माणसांचा होता. युद्धानंतर सेव्हियरमध्ये डेमोक्रॅट उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदाही जिंकलेला नाही.

टेक्सासच्या मध्यभागी कम्फर्ट नावाचं गाव आहे, जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं. तिथे एक साधा दगडी स्तंभ उभा आहे, १८६६ सालचा. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय: संघराज्याशी एकनिष्ठ. ऑगस्ट १८६२ मध्ये या भागातले काही जर्मन तरुण मेक्सिकोच्या दिशेने निघाले होते, बंडखोरांच्या सैन्यात भरती व्हायचं नाही म्हणून. न्यूएसेस नदीकाठी त्यांना गाठून मारलं. अस्थी तीन वर्षं रानात पडून होत्या. युद्ध संपल्यावर नातेवाइकांनी त्या गोळा करून आणल्या आणि त्यांवर हा स्तंभ उभारला. अख्खं टेक्सास डेमोक्रॅट असताना या जर्मन गावांनी पिढ्यान्पिढ्या रिपब्लिकन मत का दिलं, याचं उत्तर त्या स्तंभाखाली आहे. त्या मताला कुणी अडाणीपणा म्हणत असेल, तर गावात वर्षश्राद्ध घालणंही अडाणीपणाच ठरेल.

एलियटपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर, त्याच डोंगरात, आउझ्ली नावाची काउंटी आहे. तिथेही तशीच गोरी वस्ती, तसलीच गरिबी, किंबहुना देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांत तिची गणना होते. ती मात्र कायम रिपब्लिकन. शहरातले लोक विचारतात, सरकारी मदतीवर इतकं अवलंबून असलेले लोक स्वतःच्या पोटावर पाय आणणारं मत कसं देतात? हा प्रश्न एलियटबद्दल १४० वर्षं कुणाला पडला नाही, कारण तिचं मत प्रश्न विचारणाऱ्यांच्या सोयीचं होतं. दोन्ही काउंट्या एकाच पद्धतीने मत देत होत्या. आपल्या माणसांबरोबर उभं राहायचं, एवढंच. फरक होता तो १८६१ मध्ये कुणाचे वाडवडील कुठल्या बाजूला होते याचा: लिंकनच्या बाजूचे रिपब्लिकन झाले, बंडखोरांच्या बाजूचे डेमोक्रॅट.

पण नुसत्या आठवणीवर दीड शतक निघत नाही. आठवण दर पिढीला पुन्हा शेकावी लागते, आणि एलियटमध्ये ती कशी शेकली जायची हे समजून घेण्यासारखं आहे.

माझं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळे तंबाखूचा वास लहानपणापासून ओळखीचा. निपाणीला पानं रानात उन्हात वाळवायची पद्धत. इथला तंबाखू बर्ली जातीचा. अख्खं झाड बुंध्याशी तोडतात, लाकडी काठीला टोचतात आणि उंच कोठारात ओळीने टांगून वाऱ्यावर सुकवतात. काळ्या रंगाची ती कोठारं अजून रस्त्याच्या कडेला दिसतात, बरीचशी मोडकळीला आलेली. १९३० च्या दशकात डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या सरकारने तंबाखूचं उत्पादन कोट्याने बांधलं आणि भावाला आधार दिला. प्रत्येक शेताला ठरावीक वाटा, त्याला इथले लोक अलॉटमेंट म्हणत. डोंगराळ भागात कित्येकांचा वाटा एकरभरही नसे. पण तेवढ्यावर नाताळाच्या तोंडावर लिलाव होऊन रोख पैसा हातात यायचा. त्यातून मुलांचे बूट, दुकानदाराची उधारी, जमिनीचा कर भागायचा. त्या अलॉटमेंटचा कागद घरात असणं म्हणजे रुझवेल्टचा पक्ष घरात असण्यासारखंच होतं.

दुसरी गोष्ट युनियन. एलियटमधले बरेच लोक तासाभराच्या अंतरावर ॲशलंडच्या पोलाद कारखान्यात रोज जाऊन-येऊन काम करत. युनियनचं कार्ड खिशात असलं की पगार, आजारपण, पेन्शन यांची हमी असायची, आणि कुणाला मत द्यायचं त्याची चर्चाही त्याच शिफ्टमध्ये व्हायची.

तिसरं म्हणजे कोर्टहाऊस. केंटकीत शेरीफ, क्लार्क, मालमत्तेची किंमत ठरवणारा अधिकारी, इतकंच काय तुरुंगाचा जेलरसुद्धा निवडून येतो. एलियटमध्ये ही सगळी पदं डेमोक्रॅट पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतच ठरायची, म्हणून ज्याला आपल्या रस्त्यावर खडी पडायला हवी होती त्याने डेमोक्रॅट म्हणूनच नाव नोंदवायचं. पक्ष म्हणजे चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, बापाच्या मयतीला खांदा दिलेला माणूस. आपल्याकडे साखर कारखान्याचा चेअरमन किंवा दूध संघाचा संचालक ज्या अर्थाने पक्ष असतो, त्याच अर्थाने.

आता हे तिन्ही आधार कसे निखळले पाहा. तंबाखूचा कोटा २००४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून रद्द केला, शेतकऱ्यांना दहा वर्षांच्या हप्त्यांत मोबदला देऊन. ते हप्ते २०१४ मध्ये संपले. ॲशलंडची झोतभट्टी डिसेंबर २०१५ मध्ये थंड झाली आणि शेकडो कामगार घरी बसले. उरलं फक्त कोर्टहाऊस. मग २०१६ ची निवडणूक आली. लोकांची डोकी फिरली असं म्हणणाऱ्यांनी या तीन तारखा शेजारी-शेजारी मांडून पाहाव्यात. वंशाचा राग, ओबामांविषयीची तेढ, कोळशाच्या धोरणावरचा संताप हे सगळं त्यात होतं, मी नाकारत नाही; २०१२ मध्येच ओबामांची मतं ५० टक्क्यांच्या खाली घसरली होती. पण तीच माणसं २००८ मध्ये ओबामांना ६१ टक्के मतं देऊन बसली होती. पक्षाचा घराशी असलेला धागा तुटल्यावर उरतो तो टीव्हीवरचा पक्ष, आणि टीव्हीवरचा डेमोक्रॅट पक्ष त्यांना परका वाटला. त्याच निवडणुकीत सँडी हुकचे रॉकी ॲडकिन्स, १९८७ पासून राज्याच्या विधानसभेत असलेले डेमोक्रॅट, पुन्हा निवडून आले. वर ट्रम्प आणि खाली ॲडकिन्स, एकाच मतपत्रिकेवर, एकाच हाताने. ज्याला ते ओळखत होते त्याला त्यांनी सोडलं नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी जुन्या गढ्यांचे गोडवे गातोय. तसं करायचं तर दक्षिणेचं अर्धं सत्य झाकावं लागेल. १९३६ मध्ये साउथ कॅरोलायनात रुझवेल्टना ९८.६ टक्के मतं पडली. हा आकडा ज्यांना मत देता येत होतं त्यांचा आहे, आणि काळ्या नागरिकांना जवळजवळ कुणालाच ते देता येत नव्हतं. मतदानासाठी कर, वाचनाच्या परीक्षा, फक्त गोऱ्यांसाठी राखलेली पक्षांतर्गत निवडणूक आणि या सगळ्याच्या मागे उभी असलेली बंदूक. मिसिसिपीत १९६४ सालीसुद्धा मताला पात्र असलेल्या काळ्या नागरिकांपैकी जेमतेम ६.७ टक्क्यांची नावं यादीत होती. अलाबामातल्या लाउन्ड्स काउंटीत पाचांतली चार माणसं काळी, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. मतदान हक्क कायदा झाल्यावर हीच लाउन्ड्स डेमोक्रॅट पक्षाची काउंटी म्हणून नव्याने उभी राहिली. नकाशावर पूर्वीही डेमोक्रॅट, आताही डेमोक्रॅट. पूर्वीचं मत होतं काळ्यांना दाबून ठेवणाऱ्यांचं, नंतरचं त्यातून सुटून आलेल्यांचं. नुसते निकाल पाहणाऱ्याला दोन्हीचा रंग सारखाच दिसतो. म्हणून या जुन्या परंपरांची यादी वाचताना प्रत्येक ठिकाणी आधी विचारायला हवं, रांगेत कोण होतं आणि रांगेबाहेर कुणाला ठेवलं होतं?

दक्षिण टेक्सासमध्ये वेगळाच प्रकार होता. मेक्सिकोच्या सीमेवर मोठे जमीनदार आपल्या कुळांना, गुराख्यांना मतदानाला आणत. त्या पुढाऱ्याला पात्रोन म्हणत. तो लग्नाला पैसे द्यायचा, औषध आणून द्यायचा, आणि मत मागायची त्याला गरजच पडत नसे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी पक्षांना रंग दिलेले होते, डेमोक्रॅट निळे आणि रिपब्लिकन लाल. (आजचे रंगही हेच आहेत, पण ते २००० च्या निवडणुकीनंतर टीव्हीमुळे पक्के झाले. त्या जुन्या रंगांशी त्यांचा संबंध नाही.) १९४८ मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन सिनेटची पक्षांतर्गत निवडणूक ८७ मतांनी जिंकले, कारण ॲलिस गावातल्या १३ नंबरच्या पेटीत नंतर २०२ मतांची भर पडली. ती नावं मत देऊन गेलेल्यांच्या यादीत एका ओळीत, वर्णानुक्रमाने, एकाच शाईत लिहिलेली होती. शेजारच्या पक्षाचा असाही चेहरा असतो. शेजारी कर्ज देतो आणि मानगूटही धरतो.

त्याच पट्ट्यातली स्टार काउंटी. सुमारे ९७ टक्के लोक लॅटिनो. तिथे १८९२ मध्ये रिपब्लिकन बेंजामिन हॅरिसन जिंकले, त्यानंतर १३२ वर्षं त्या पक्षाला तिथे यश नव्हतं. २०१२ मध्ये ओबामांना ८६ टक्के, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना ७९ टक्के, २०२० मध्ये बायडेनना ५२ टक्के आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांना जवळपास ५८ टक्के. या घसरणीची आता खूप चिरफाड झाली आहे: तेलाच्या विहिरींवरची कामं, सीमा पोलिसांतल्या नोकऱ्या, महागाई. मला त्यातलं एक कारण फार मोठं वाटतं. जिथे ८६ टक्के मतं हमखास मिळतात तिथे पक्ष कशाला पैसा घालवील? कार्यालय बंद, दार ठोठावणारं कुणी नाही, उमेदवार फिरकत नाही. पात्रोन गेला हे चांगलंच झालं, पण त्याच्या जागी त्या माणसाशी बोलायला कुणीच आलं नाही. विरोधी पक्षाला हरायचीच सवय झालेली, त्यामुळे तोही येत नव्हता. हमखास मताची किंमत शून्य होते आणि ज्याचं मत शून्य होतं त्याला ते सगळ्यांत आधी कळतं.

मग गढी पडली म्हणून आनंद मानावा का? मी आधी मानत असे. वाटायचं, चला, आता तरी दोन्ही पक्ष इथे येतील, भांडतील, काही देतील. एलियटमध्ये तसं झालं नाही. २०१६ चे ७० टक्के पुढच्या निवडणुकांत आणखी वर गेले. एक गढी पडली आणि त्याच जागेवर दुसरी उभी राहिली, मधे २०१२ ची काय ती एक चुरशीची निवडणूक. आणि ही नवी गढी जुनीपेक्षा पोकळ आहे. हिच्यात अलॉटमेंट नाही, युनियन कार्ड नाही, मयतीला खांदा देणारा नाही. वॉशिंग्टनमधली भांडणं फोनवर येतात आणि त्यांच्यावरून गावातला शेरीफसुद्धा ठरतो.

हे एकट्या एलियटचं नाही. ज्या काउंटीत एक उमेदवार दुसऱ्यापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक मतांनी पुढे असतो अशा एकतर्फी काउंट्यांमध्ये १९७६ साली देशातले सुमारे पाव मतदार राहत होते. २००४ मध्ये जवळजवळ निम्मे. २०१६ पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. पूर्वी एकाच राज्यात, एकाच डोंगरात, आउझ्लीशेजारी एलियट होती. आता सगळी खेडी एकीकडे आणि सगळी महानगरं दुसरीकडे. इंडियानातली व्हिगो काउंटी १९५६ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक वेळी जिंकणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने होती. पत्रकार तिथल्या हॉटेलांत बसून देशाची नाडी बघत. २०२० मध्ये तिचा अंदाज चुकला. १९८० पासून अचूक असलेली वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम २०२४ मध्ये चुकली. दोन्ही बाजूंचे लोक ज्यांत मिसळून राहत होते अशी गावं संपत चालली आहेत.

यावर काय करायचं, हा प्रश्न मला फक्त वर्तमानपत्री वाटत नाही. केंटकीच्या मतपत्रिकेत अगदी वर एक चौकट असते: पक्ष निवडा. तिथला एक गोळा काळा केला की मतपत्रिकेवरच्या त्या पक्षाच्या वरपासून खालपर्यंत सगळ्या उमेदवारांना मत जातं. टेक्सासने २०२० पासून ही सोय बंद केली. केंटकीत ती आहे. माझं स्पष्ट मत आहे की ती जायला हवी. मतदाराला तिच्यामुळे वेळ वाचतो हे खरं, पण तो वेळ खालच्या नावांवर खर्च व्हायला हवा, कारण खालची नावं त्याच्या रस्त्याची, शाळेची, कराची असतात. आणि दुसरं, प्रत्येक जागी दोन्ही पक्षांनी उमेदवार द्यायला हवा, हरणार असला तरी. मी कितीदा तरी मतपत्रिका उलटून पाहिली आहे आणि राज्याच्या विधानसभेच्या जागेसमोर एकच नाव छापलेलं आढळलं आहे. त्या नावासमोरचा गोळा काळा करताना हात जड होतो. आपण निवडतोय की नुसती हजेरी लावतोय, कळत नाही. निपाणीला माझ्या आजोबांच्या घरी निवडणुकीत तीन-तीन पक्षांचे कार्यकर्ते चहाला यायचे. आजोबा कुणाला मत देत ते आम्हाला कधी कळलं नाही, पण तिघांनाही रस्त्यावरच्या गटाराबद्दल ऐकवायचे.

हा माझा भाबडेपणा आहे असं मला वाटत नाही, कारण इथेच एक उदाहरण घडलं आहे. २०१९ मध्ये केंटकीच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट अँडी बेशियर उभे होते. रॉकी ॲडकिन्स पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याकडून हरले होते. राज्य तीन वर्षांपूर्वी ट्रम्पना भरभरून मतं देऊन बसलेलं. बेशियर शिक्षकांच्या पेन्शनबद्दल, दवाखान्यांबद्दल बोलत राहिले. त्याच दिवशी राज्यपातळीवरच्या इतर पाचही पदांवर रिपब्लिकन निवडून आले आणि बेशियर ५,१३६ मतांनी गव्हर्नर झाले. ज्या काउंट्यांनी त्यांना आघाडी दिली त्यांत एलियट होती.

म्हणजे राज्यभर हजारो लोकांनी त्या दिवशी वरची पक्षाची चौकट कोरी सोडली आणि एकेक ओळ वाचत खाली आले.